जूनमधला मंगळवार

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "एडिसनमध्ये बारा वर्षं राहतोय, यंदा नागरिकत्वाची शपथ झाली. मतदार नोंदणीच्या अर्जात पक्षाचा रकाना आहे, तो भरावा की कोरा ठेवावा? न्यू जर्सीत डेमोक्रॅटच जिंकतात, मग माझ्या मताने काय होणार? पैसा, लॉबी आणि टीव्हीच सगळं ठरवतात असं मित्र म्हणतात, ते खरं का? बायकोचं अजून ग्रीन कार्डच आहे, मुलगी सतरा वर्षांची आहे."

अभिनंदन. रकाना भरा. कोणता पक्ष, ते तुमचं तुम्ही बघा, पण कोरा ठेवू नका. तसा कोरा ठेवलात तरी न्यू जर्सीत कायद्याने काही अडत नाही. प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, जूनमधल्या निवडणुकीच्या) दिवशी केंद्रावर येऊन "मला या पक्षाची मतपत्रिका द्या" म्हणालात की मिळते, आणि त्या क्षणापासून तुमची नोंद त्या पक्षात होते. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

मी चौदा वर्षं तुमच्याच मिडलसेक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) मतदान केंद्रावर काम करते, आणि मधली काही वर्षं स्थानिक प्रचारात मतदारयाद्या हाताळल्या आहेत. तेव्हा जे सांगते ते टेबलाच्या या बाजूने पाहिलेलं आहे.

केंद्र सकाळी सहाला उघडतं, रात्री आठला बंद होतं. आम्ही पाचच्या सुमाराला पोचून टेबलं मांडतो. दोन्ही पक्षांची माणसं कायद्यानेच समान संख्येने बसवलेली असतात. चौदा तासांत एकमेकांचे डबे, नातवंडांचे फोटो, गुडघ्यांची दुखणी सगळं कळतं, राजकारण तेवढं कोणी काढत नाही. दिवसाचे ३०० डॉलर मिळतात. आपल्याकडून नव्याने आलेला मतदार हमखास दोन ठिकाणी गोंधळतो. एक म्हणजे तो ओळखपत्र काढून तयार असतो आणि आम्हाला बहुतेक वेळा ते नकोच असतं. टॅब्लेटवर सही करायची, ती नोंदणीतल्या सहीशी आम्ही ताडून बघतो. (नोंदणी करताना लायसन्सचा किंवा सोशल सिक्युरिटीचा क्रमांक दिला नसेल, तर पहिल्या वेळी ओळखपत्र मागतात.) दुसरं म्हणजे शाई. एका आजींनी मत देऊन झाल्यावर डावी तर्जनी माझ्यापुढे धरली आणि धरूनच ठेवली. मी त्यांना स्टिकर दिला. तो त्यांनी साडीला लावला, पण चेहऱ्यावरून त्यांचं समाधान झालेलं काही दिसलं नाही.

शाईपेक्षा मोठा फरक डोळ्यांना दिसत नाही. इथे आपल्यासारखा निवडणूक आयोग नाही. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण ती प्रचाराच्या पैशाचा हिशेब बघते, मतदान घेत नाही. मतदान राज्यं आणि काउंट्या घेतात, प्रत्येकीचे नियम निराळे. न्यू जर्सीत मतपत्रिका आखायचं काम काउंटी क्लार्कचं, आणि हा क्लार्क स्वतः पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. शेषनसाहेबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा विचारलं असतं, नीट ऐकलं ना आपण?

पक्षाची खरी ताकद काय असते, ते या मतपत्रिकेच्या आखणीत दिसतं. कित्येक दशकं न्यू जर्सीच्या २१ पैकी १९ काउंट्यांत 'लाइन' चालायची. काउंटीतला पक्ष ज्यांना पाठिंबा देई ते सगळे, वरच्या पदापासून खालच्या पदापर्यंत, एकाच सरळ रांगेत छापले जायचे. पाठिंबा नसलेला उमेदवार दूर कुठेतरी, मध्ये कोऱ्या चौकटी सोडून, एकटा. इथे त्या कोपऱ्याला 'सायबेरिया'च म्हणत. दमून संध्याकाळी सातला आलेला माणूस काय करतो? सर्वांत वरचं ओळखीचं नाव बघतो आणि त्या रांगेत खालपर्यंत जातो. हे मी टेबलावरून इतक्यांदा पाहिलंय की लाइन मिळाली म्हणजे अर्धी निवडणूक झाली, असं आम्ही गृहीतच धरायचो.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचे आरोप ठेवले गेले. घरातून सोन्याच्या विटा सापडल्याची बातमी भारतातही पोचली असेल. दुसऱ्याच दिवशी काँग्रेसमन अँडी किम यांनी त्या जागेसाठी उभं राहत असल्याचं जाहीर केलं. पुढे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या. त्यांनी आधी कधी कुठलं पद लढवलं नव्हतं, तरी मोठमोठ्या काउंट्यांचे पक्षनेते भराभर त्यांच्या मागे उभे राहिले. गव्हर्नरशी वाकडं कोण घेणार! किम यांनी लाइनविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लावला. २४ मार्च २०२४ ला टॅमी मर्फींनी माघार घेतली, आणि २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन थांबवली. २०२५ मध्ये विधिमंडळाने कायदाच बदलला. आता पदानुसार चौकटी असतात: या पदासाठी हे चार जण, त्या पदासाठी ते तीन. आपल्याला हे इतकं साधं वाटतं की यासाठी कोर्टात का जावं लागलं, तेच कळत नाही.

टीव्हीचा मुद्दा इथेच येतो, पण तुमचे मित्र म्हणतात त्याच्या उलट्या बाजूने. न्यू जर्सीला स्वतःचा असा टीव्ही बाजार नाही. उत्तरेकडचं अर्धं राज्य न्यूयॉर्कचे चॅनेल बघतं, दक्षिणेकडचं फिलाडेल्फियाचे. एडिसनच्या उमेदवाराने न्यूयॉर्कच्या चॅनेलवर जाहिरात दिली, तर तो लाँग आयलंडच्या लाखो लोकांसाठीही पैसे मोजतो, ज्यांचं त्याला एकही मत नाही. म्हणून खालच्या पदांचे उमेदवार टीव्हीवर येतच नाहीत, आणि न्यूयॉर्कच्या बातम्यांना आपल्या टाउनशिप कौन्सिलशी देणंघेणं नसतं. उरली वर्तमानपत्रं. २०२५ च्या फेब्रुवारीत 'स्टार-लेजर'ची छापील आवृत्ती बंद झाली आणि जर्सी सिटीचा 'जर्सी जर्नल' तर पूर्णच मिटला. तेव्हा प्रसारमाध्यमं मतदाराला फिरवतात यापेक्षा माझी तक्रार वेगळी आहे: ज्या निवडणुकीत तुमचं मत सर्वांत जड असतं, तिच्याबद्दल ती चकार शब्द काढत नाहीत. नावं कोणालाच माहीत नसतात म्हणून तर लाइन इतकी वर्षं चालली.

आता पैसा. भारतात लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यात ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे (ती कितपत पाळली जाते ते तुम्ही जाणता). इथे खर्चाला मर्यादाच नाही. १९७६ च्या 'बकली' खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खर्च हे अभिव्यक्तीचंच रूप, त्यावर कमाल मर्यादा लादता येणार नाही. देणगीवर मात्र आहे: २०२५-२६ मध्ये एका व्यक्तीने फेडरल निवडणुकीतल्या एका उमेदवाराला प्रायमरीसाठी ३,५०० आणि मुख्य निवडणुकीसाठी ३,५०० डॉलर, त्यापुढे नाही. २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालाने कंपन्या आणि युनियनना स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करायची मोकळीक दिली आणि त्यातून 'सुपर पॅक' नावाचे स्वतंत्र प्रचारगट आले. सुपर पॅक अमर्याद पैसा घेऊ शकतो, फक्त उमेदवाराशी संगनमत करायचं नाही. व्यवहारात उमेदवाराचा जुनाच सहकारी सुपर पॅक चालवतो आणि उमेदवार आपल्या वेबसाइटवर स्वतःचे फोटो आणि मुद्दे सगळ्यांना दिसतील असे टाकून ठेवतो. समजायचं ते समजतात.

एक बारीक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. प्रायमरीआधी ४५ दिवस आणि मुख्य निवडणुकीआधी ६० दिवस टीव्ही स्टेशनने उमेदवाराला सर्वांत कमी दर लावावा असा कायदा आहे. सुपर पॅकला ही सवलत नाही, तो बाजारभावाने घेतो. त्यामुळे उमेदवाराच्या हातातला एक डॉलर सुपर पॅकच्या एका डॉलरपेक्षा बराच लांब पोचतो. स्टेशनांना या जाहिरातींचा हिशेब सार्वजनिक फाइलमध्ये ठेवावा लागतो. ऑनलाइन बघता येतो, हौस असेल तर चाळा.

पण पैसा जिंकून देतो का? २०२५ च्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सहा जण होते. त्यातले शॉन स्पिलर तेव्हा राज्याच्या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष. संघटनेच्या पैशावर चालणाऱ्या गटाने त्यांच्यासाठी चार कोटी डॉलरच्या आसपास ओतले. माझ्या पोस्टाच्या पेटीत रोज एक चकचकीत कार्ड यायचं, शेवटी मी त्यांच्यावर किराणाच्या याद्या लिहायला लागले. स्पिलर पाचवे आले, दहा-अकरा टक्क्यांवर थांबले. मिकी शेरिल सुमारे ३४ टक्क्यांवर जिंकल्या आणि नोव्हेंबरात गव्हर्नर म्हणून निवडून आल्या.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. बेळगावचे श्री ठाणेदार. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःचे एक कोटीहून जास्त डॉलर घालून मिशिगनच्या गव्हर्नरपदाची प्रायमरी लढवली आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटचा मोठा भाग असलेल्या १३ व्या काँग्रेस मतदारसंघातून पुन्हा स्वतःच्या पैशावर उभे राहिले. या वेळी समोर लॉबीचा पैसाही होता: इस्रायल-समर्थक 'आयपॅक'शी जोडलेल्या सुपर पॅकने त्यांचे प्रतिस्पर्धी अॅडम हॉलियर यांच्यासाठी ४० लाखांहून जास्त डॉलर खर्च केले. रिंगणात नऊ उमेदवार. ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. नोव्हेंबरात मात्र त्यांना ७० टक्क्यांच्या वर मतं पडली, कारण तो मतदारसंघ इतका पक्का डेमोक्रॅटिक आहे की प्रायमरी जिंकली म्हणजे खासदारकी मिळालीच. म्हणजे काँग्रेसमन ठरला तो ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, प्रायमरीला आलेल्यांतल्या चतुर्थांशाहून जेमतेम थोड्या जास्त लोकांनी.

आपल्या लोकसभेसारख्या प्रतिनिधिगृहाच्या देशभरातल्या ४३५ पैकी बहुसंख्य जागा अशाच पक्क्या आहेत. काही ठिकाणी लोकवस्तीच तशी, काही ठिकाणी मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्यांची करामत. बहुतेक राज्यांत या सीमा विधिमंडळच आखतं, म्हणजे सत्ताधारी पक्षच. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मान्य केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलमँडर या पालीसारख्या प्राण्यासारखा दिसतो म्हणून त्याला जे 'गेरीमँडर' नाव पडलं, ते अजून चालू आहे. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पक्षीय फायद्यासाठी केलेल्या आखणीत फेडरल कोर्ट पडणार नाही. (न्यू जर्सीत दोन्ही पक्षांच्या सदस्यांचं कमिशन आहे. ते बरं म्हणायचं की दोघांनी आपापले गड वाटून घेतले म्हणायचं, यावर आमच्या टेबलावर कधीच एकमत झालं नाही.)

आणि या प्रायमरीला येतं कोण? देशभराचं बघितलं तर २०२२ मध्ये पात्र मतदारांतला साधारण पाचातला एक. त्याच वर्षी नोव्हेंबरात निम्म्याला थोडे कमी आले. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीला दोन-तृतीयांश. म्हणजे निवडणूक जितकी गाजावाजाची, तितकी गर्दी जास्त आणि एका मताचं वजन कमी. हितसंबंधी गटांना हे गणित तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. बंदूकधारकांची एनआरए १८७१ पासूनची. उमेदवारांना शाळेसारख्या अ ते फ श्रेण्या द्यायचा तिचा रिवाज. त्या श्रेणीला आमदार घाबरतात ते चेकसाठी कमी, आणि तिचे सभासद प्रायमरीला न चुकता येतात म्हणून जास्त. निवृत्तांच्या एएआरपीचे कोट्यवधी सभासद आहेत. ती उमेदवाराला पाठिंबाही देत नाही, देणगीही देत नाही. तरी सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी पेन्शनला, हात लावायचं म्हटलं की दोन्ही पक्षांना घाम फुटतो, कारण म्हातारी माणसं मत द्यायला येतात. माझ्या केंद्रावर सहाला दार उघडण्याआधी रांगेत जे उभे असतात ते बहुतेक सत्तरीपुढचे.

आता तुमच्या रकान्याकडे येते. तुम्ही कोणाला मत दिलं ते गुप्त असतं. पण तुमचं नाव, पत्ता, नोंदवलेला पक्ष आणि कुठल्या कुठल्या निवडणुकीला मत दिलं, हे सार्वजनिक असतं आणि प्रचारवाल्यांना ती यादी मिळते. हे सांगितलं की आपली माणसं दचकतात. मीही दचकले होते. यादी हातात आली की आम्ही पहिलं काम काय करायचो? चाळणी. गेल्या चार प्रायमरींपैकी किती वेळा आला? चार पैकी चार असेल तर उमेदवार स्वतः दारात जाणार. दोन असतील तर स्वयंसेवक आणि फोन. शून्य असेल आणि पक्षही नोंदवलेला नसेल, तर ते घर यादीतून बाहेर. ओक ट्री रोडच्या आसपासच्या गल्ल्यांतून फिरताना पाच घरांतली चार आपल्या लोकांची, पण यादीत खूण एकाच घरावर, असं कित्येकदा झालं. बाकीच्या चार घरांत नागरिक नव्हते असं नाही. ते चार वर्षांतून एकदा यायचे, अध्यक्षाला मत द्यायचे आणि घरी जायचे. उमेदवाराने काय करावं? त्याच्याकडे संध्याकाळचे तीनच तास असतात, तो खूण असलेल्या दारीच जाणार. मग शाळेच्या हद्दी बदलतात, दिवाळीच्या सुटीचा विषय निघतो, प्रॉपर्टी टॅक्स वाढतो, आणि आपण व्हॉट्सअॅपवर चिडतो. न्यू जर्सीत त्या टॅक्समधला निम्म्याहून थोडा जास्त भाग शाळांना जातो, आणि शाळा मंडळाची नावं नोव्हेंबरच्या मतपत्रिकेत अगदी तळाशी असतात. तिथपर्यंत पोचायच्या आधीच माणसं उठतात.

पक्ष नोंदवला तर नंतर बदलता येतो का? येतो, पण प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. नव्या मतदाराने २१ दिवस आधी नोंदणी करायची. नोव्हेंबरात तुमच्यावर त्या पक्षाला मत द्यायचं काही बंधन नसतं.

"न्यू जर्सीत डेमोक्रॅटच जिंकतात" हेही तितकंसं खरं नाही. अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन शेवटचा जिंकला तो १९८८ मध्ये, थोरले बुश. पण ख्रिस क्रिस्टी २०१० ते २०१८ रिपब्लिकन गव्हर्नर होते, आणि २०२० मध्ये बायडेन जिथे १६ टक्क्यांच्या आसपास पुढे होते तिथे २०२४ मध्ये कमला हॅरिस सहाहून कमी टक्क्यांनी जिंकल्या. अध्यक्षाच्या बाबतीत तुमची खंत मात्र रास्त आहे. अध्यक्ष ठरतो तो राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ 'इलेक्टोरल' मतांवर. त्यांपैकी न्यू जर्सीची १४ आहेत आणि ती सगळीच्या सगळी राज्यात पहिल्या आलेल्याला जातात. २०२० मध्ये देशभरात बायडेन ७० लाखांनी पुढे होते, पण अॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तिघांतली आघाडी मिळून जेमतेम ४३ हजार. तिथली तेवढी मतं फिरली असती तर निकाल टांगणीला लागला असता. म्हणून ऑक्टोबरात उमेदवार मिलवॉकीला मुक्काम ठोकतात आणि न्यू जर्सीत फक्त चेक गोळा करायला येतात. त्यावर तुम्ही-मी लगेच काही करू शकत नाही.

निकालाच्या रात्रीबद्दल एकच. टीव्हीवर "अमुक जिंकले" दिसतं तो अधिकृत निकाल नसतो. असोसिएटेड प्रेस आणि चॅनेल आपापल्या आकडेमोडीवर तो जाहीर करतात, आणि २००० मध्ये फ्लोरिडाबाबत चॅनेलना तो दोनदा मागे घ्यावा लागला होता. न्यू जर्सीत मतदानाच्या दिवशी शिक्का बसलेलं टपाली मत सहा दिवसांपर्यंत पोचलं तरी धरतात. आघाडी नंतर हलली म्हणून लगेच घोटाळ्याचे मेसेज पुढे ढकलू नका. ती मतं मोजणाऱ्या टेबलावरही दोन्ही पक्षांची माणसं बसलेली असतात.

आता घरच्यांचं. तुमच्याबरोबर राहणारी मुलगी ग्रीन कार्डावर असेल आणि अठराच्या आत असेल, तर तुमच्या शपथेबरोबर तीही आपोआप नागरिक झाली. तिचा पासपोर्ट काढून घ्या. २०२६ पासून न्यू जर्सीत, नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतराव्या वर्षीही जूनच्या प्रायमरीत मत देता येतं. तिची तारीख बसते का बघा, बसत असेल तर दोघं बरोबरच या.

पत्नीबद्दल मात्र जपून. ग्रीन कार्डधारक उमेदवाराला कायदेशीर देणगी देऊ शकतो, प्रचारात फुकट काम करू शकतो. (एच-वन-बी वाल्याला देणगीही देता येत नाही, हे मित्रांना सांगा. हॉटेलात उमेदवारांसाठी जेवणं होतात तेव्हा हे कोणी विचारत नाही.) पण मतदार म्हणून नोंदणी करायची नाही म्हणजे नाही. लायसन्स काढताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी मतदार नोंदणीचा प्रश्न स्क्रीनवर येतो आणि घाईत "हो" दाबलं जातं. मग घरी मतदार म्हणून पत्र येतं, माणूस निष्पापपणे मत देऊन येतो, आणि पाच वर्षांनी नागरिकत्वाच्या मुलाखतीत "तुम्ही कधी नोंदणी केली होती का?" हा प्रश्न समोर येतो. नागरिक नसताना फेडरल निवडणुकीत मत देणं गुन्हा आहे आणि त्यात देश सोडायची वेळ येऊ शकते. चुकून नोंदणी झालीच असेल तर मत न देता आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा आणि मग त्याच्या सल्ल्याने काउंटीला लेखी कळवून नाव काढून घ्या, पोच जपून ठेवा. पत्नीची शपथ होईल त्या दिवशी तोच अर्ज पुन्हा भरा.